पाळकसाहेबांची घोडी

आमच्या चर्चला घंटा नव्हती. दारातल्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेनं टांगला होता आणि रविवारी बाबा त्याच्यावर लोखंडी बोल्टनं ठोके द्यायचे. आमच्या गावात रेल्वे कधी आली नाही, पुढंही येईलसं वाटत नाही, पण रूळ मात्र कुणीतरी आधीच आणून ठेवला होता. त्या ठोक्यांनी वस्तीतली कुत्री उठत, कोंबड्या उठत, माणसं तेवढी उठत नसत. मग बाबा पुन्हा ठोके देत आणि आई चुलीपुढूनच म्हणायची, "अवं, हात मोडून घ्याल. देव आलाय, बाकीचे येतील सावकाश."

चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली आणि तिच्या पाठीला पाठ लावून आमच्या दोन खोल्या. भिंत एकच असल्यामुळं उपासना चालू असताना आईच्या फोडणीचा वास थेट वेदीपर्यंत जायचा. लसणाची फोडणी पडली की पाळकसाहेबांचं प्रवचन आवरतं घेतलं जातं, असा मंडळीचा अनुभव होता. त्यामुळं काही बायका आत शिरण्याआधी आमच्या दारात डोकावून आईला सांगून ठेवायच्या, "बाई, आज जरा लवकर टाका फोडनी. घरी पावनं हायत." आई हसायची आणि खरोखरच लवकर टाकायची. बाबांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्या प्रवचनाला आपसूकच एक आटोपशीरपणा येतो, असा त्यांचा समज होता.

बाबा पाळक होते, पण पाळकासारखे वाटत नसत, ही मंडळीची जुनी तक्रार. अंगानं बेताचे आणि आवाज जेवताना मीठ मागावं तसा. त्यांच्या आधीचे पाळक सैतानाला ललकारायला लागले की म्हणे पत्रा थरथरायचा आणि पलीकडच्या आळीतली म्हातारी माणसं दचकून उठून बसायची. बाबा सैतानाचं नावसुद्धा असं दबकत घ्यायचे, की जणू तो शेजारीच राहतो आणि त्याला वाईट वाटेल. उपासना सुटल्यावर लोक चपला शोधता शोधता म्हणायचे, "चांगलं सांगितलं, पर मजा न्हाय आली." आज माझ्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ निरनिराळ्या पाळकांचे व्हिडिओ येतात. कुणी माइक घेऊन उड्या मारतो, कुणी फुंकर मारून माणसं पाडतो. मजा येते, नाही असं नाही.

तर असे हे बाबा एकदा वाईट फसले, आणि फसले ते एक चांगलं काम केल्यामुळं. आमचं कब्रस्तान ओढ्यापलीकडं होतं आणि तिथं जायला वाट नव्हती. पावसाळ्यात मयत खांद्यावर घेऊन उभ्या ज्वारीतून जावं लागायचं. शेताचा मालक बांधावर उभा राहून पीक तुडवलं म्हणून शिव्या द्यायचा, आणि खांद्यावर मयत असल्यामुळं आमच्या माणसांना उलट शिव्या देता येत नसत. बाबांनी काय केलं, तर दर सोमवारी तालुक्याच्या कचेरीत जाऊन बाकावर बसायला सुरुवात केली. भांडले नाहीत, मोर्चा नेला नाही. साहेब आले की उठून नमस्कार, साहेब निघाले की उठून नमस्कार. उरलेल्या दिवशी संध्याकाळी शेतमालकाच्या बांधावर जाऊन बसायचे आणि त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करायचे. शेवटी दोन्हीकडच्या लोकांना हा माणूस बघून बघून कंटाळा आला म्हणा किंवा लाज वाटली म्हणा, वाट मंजूर झाली. ओढ्यापासून मुरूम पडला. त्या दिवसापासून वस्तीला साक्षात्कार झाला, की आपला पाळक पुढारी आहे.

हा साक्षात्कार सगळ्यांत आधी झाला तो शांतवनमामांना. ते माझे सख्खे मामा नव्हते, साऱ्या वस्तीचेच मामा होते. पिठाची गिरणी होती त्यांची, आणि गिरणीच्या धडधडीत बोलून बोलून आवाज असा झाला होता, की कानात सांगितलेली गोष्टही चार घरं ऐकायची. मंडळीचे जे पंच होते, त्यांचे ते मुख्य. एका संध्याकाळी सगळे पंच घेऊन ते आमच्याकडं आले. आईनं कोरा चहा केला. मी दाराआड बसून ज्वारी निवडत होते, म्हणजे कान बाहेर आणि हात सुपात.

"साहेब, नानांनी शब्द दिलाय," मामा म्हणाले. नाना म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार. पंचायत त्यांच्या खिशात असायची, पण त्या वर्षी खिसा जरा फाटला होता आणि आमच्या वस्तीच्या मतांशिवाय तो शिवला जाणार नव्हता. "त्येंच्या पॅनलमधनं तुमी उभं ऱ्हायचं. सरपंचाची खुर्ची तुमचीच. चर्चला कंपाऊंड, वस्तीत नळ, आन् पयला नळ बाईंच्या दारात."

"मामा, म्या पाळक हाव," बाबा म्हणाले.

"मंग? दाविद मेंढरंच पाळत व्हता न्हवं? झालाच का न्हाय राजा?"

बाबांनी पवित्र शास्त्रातली झाडांची गोष्ट सांगितली. एकदा झाडांना राजा करायची हौस आली. ती जैतुनाकडं गेली. जैतून म्हणालं, माझं तेल सोडून मी तुमच्यावर डुलत बसू? अंजीर म्हणालं, माझी गोडी कोण सांभाळणार? द्राक्षवेल म्हणाली, माझा रस कोण देणार? शेवटी झाडं काटेझुडपाकडं गेली. ते लगेच म्हणालं, या, बसा माझ्या सावलीत. आणि नाही आलात, तर जाळूनच टाकतो.

गोष्ट संपली. पंच एकमेकांकडं बघायला लागले. शांतवनमामांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "गोष्ट झ्याक हाय साहेब. पर काटेझुडूप निदान व्हय तरी म्हनलं!" सगळ्या पंचांनी माना डोलावल्या. मला आजही वाटतं, की त्या गोष्टीचा इतका मोकळा अर्थ आजवर कुण्या पंडितानं लावला नसेल.

उठता उठता मामांनी आवाज खाली आणला, म्हणजे तीनच घरांना ऐकू जाईल एवढा केला. "इचार करा. मंडळी नाराज झाली की वर बदलीचा अर्ज जातो. आपली रीतच हाय ती. म्या धमकी देत न्हाय."

धमकी नव्हतीच ती, खरंच रीत होती. आईनं त्या रीतीपायी आजवर कितीतरी चुली मांडल्या आणि मोडल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी ती दारात शेवग्याची फांदी लावायची आणि शेंगा धरायच्या आत आमचा ट्रक निघायचा. इथं पहिल्यांदाच शेंगा लागल्या होत्या. मी दहावीला बसणार होते आणि जीव लावावा अशा मैत्रिणीही पहिल्यांदाच मिळाल्या होत्या. पाणी आई लांबच्या विहिरीवरून आणायची, दोन घागरी डोक्यावर, एक कमरेला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर दारात एक रुंद, सपाट दगड मांडलेला. नळ आला की घागर ठेवायला. ओढ्यातून तो तिनं आणि तिच्या एका मैत्रिणीनं मिळून आणला होता. बाबांनी तो पाहिला आणि वळसा घालून घरात आले. काही बोलले नाहीत. गप्प बसणं म्हणजे होकार, हा नियम त्या काळी लग्नाच्या पोरींना लागू होता; वस्तीनं तो पाळकालाही लावला.

झालं, वस्तीत निवडणुकीचं वारं शिरलं. उपासाचे दिवस होते, पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाआधीचे. आमच्या घरात हुलग्याचं माडगं, आंबाडीची भाजी आणि कारळ्याची चटणी एवढ्यावर चाललं होतं. अशात नानांनी वस्तीला मटण पाठवलं. पंचांची तातडीची बैठक बसली. उपास मोडावा की नानांचं मन मोडावं, असा धर्मसंकटाचा प्रश्न होता. शांतवनमामांनी निवाडा दिला, की आपण उपास सोडत नाही, फक्त माणसाचा मान राखतो. त्या दिवशी दोन प्रहरी वस्तीच्या प्रत्येक घरातून मान राखल्याचा खमंग वास येत होता. आमच्या घरी माडगं होतं. मला फार राग आला होता, माडग्याचाही आणि बाबांचाही.

सणाच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. प्रभू गाढवावर बसून शहरात शिरला आणि लोकांनी झावळ्या हलवून जयजयकार केला, त्याची आठवण. दरवर्षी पोरंटोरं ओढ्यातून शिंदीच्या झावळ्या तोडून आणत आणि वस्तीला एक चक्कर पायी मारत. या वर्षी मामांनी ठरवलं, की मिरवणूक साऱ्या गावातून निघणार, वेशीपाशी नाना स्वतः पाळकसाहेबांना हार घालणार आणि तिथंच उमेदवारी जाहीर होणार. पायी राजा कसा जाईल? म्हणून लोहाऱ्याहून वरातीची घोडी मागवली.

घोडी शनिवारीच आली. पांढरीशुभ्र, कपाळावर आरशाचं पदक, गळ्यात घुंगरं. साऱ्या वस्तीनं तिला बघून घेतलं. दुपारी मामा गुलाबी फेटा घेऊन आले आणि आईनं तो बाबांच्या डोक्याला बसतो का ते पाहिलं. माझ्या बाबांकडं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं असेल. फेट्याखाली त्यांचं कपाळ रुंद दिसत होतं, नाक धारदार. आई एवढंच म्हणाली, "राजावानी दिसता." बाबा आरशासमोर उभे राहिले. खूप वेळ उभे राहिले. मग फेट्यासकट बाहेर जाऊन त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. घोडीनं मान खाली घातली. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, रिकिबीत एक पाय ठेवला, आणि तसेच क्षणभर थांबून पाय काढून घेतला. मी खिडकीत होते. मला आनंदानं रडू आलं, कारण मला वाटलं, ठरलं आता.

रविवारी सकाळी रूळ वाजला नाही. शांतवनमामा येऊन बघतात तो बाबा घरात नाहीत. फेटा खुंटीवर, उपासनेचा पांढरा झगा गायब. मामांनी स्वतःच रूळ बडवला. हलगीवाले आले, झावळ्या आल्या, नवी लुगडी आली, घोडी सजली, पण राजा नाही. "कुटं गेलं साहेब?" असं जो तो आईला विचारत होता आणि आईला खरंच माहीत नव्हतं. शेवटी मामा म्हणाले, लाजले असतील, वेशीपाशी परस्पर येतील. आणि राजाविना मिरवणूक निघाली. रिकामी घोडी हलगीच्या तालावर नाचत पुढं, आम्ही झावळ्या हलवत मागं.

वेशीपाशी नाना हार घेऊन उभे होते, भोवती सगळा गाव. आणि कुंभारवाड्याच्या बाजूनं बाबा आले. गाढवावर बसून.

आमच्याकडं गाढवावर कोण बसतो, हे सांगायला नको. चोर बसतो, तोंडाला काळं फासून. धुळवडीला एखाद्या जावयाला बसवतात, तेही त्याला शुद्ध नसताना. ते प्रभूच्या गाढवाचं वाचन आम्ही दरवर्षी ऐकत होतो, मान डोलावत होतो. चर्चमध्ये त्याचं एक चित्रही होतं, पण त्या चित्रातलं गाढव इतकं गोरंगोमटं होतं, की आम्ही सगळे त्याला मनातून घोडाच समजत होतो. हे कोंडिबा कुंभाराचं गाढव होतं, पाठीवर मातीचे डाग असलेलं. बाबांचे पाय जवळजवळ जमिनीला लागत होते आणि झग्याचा घेर धुळीत लोळत होता. कोंडिबा पुष्कळ मागून चालत होता, हे गाढव आपलं नव्हेच अशा चेहऱ्यानं. पुढं कधीतरी त्यानंच मला सांगितलं, "म्या लई हातापाया पडलो गं. म्हनलं, साहेब, बसा बापडे, पर कुनी इचारलं तर माजं नाव सांगू नका."

हलगी थांबली. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि साऱ्या गावाला मोकळीक मिळाली. लोक पोट धरून हसले. मी झावळी तोंडापुढं धरली.

शांतवनमामा धावत पुढं गेले. "साहेब, उतरा! इज्जत घालवली समद्यांची!"

"मामा, आजचं वाचन काय हाय?" बाबांनी विचारलं. आवाज मीठ मागावं तसाच.

"ते वाचायचं असतंय साहेब, करायचं नसतंय!"

नाना हुशार माणूस. गाढवावरच्या माणसाला हार घालणाऱ्याकडं गाव कसं बघेल, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. हात खाली घेऊन ते गोड हसले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, आज तुमचा सन दिसायलाय. चालू द्या. भेटू पुना कवातरी." बाबांनी गाढवावरूनच हात जोडले. उमेदवारी एवढ्यात संपली, भाषणही करावं लागलं नाही.

पण पुढं खरी पंचाईत. गाढव तिथंच अडलं. टाच मारली, कान ओढला, हलेना. बाबा गावाच्या मधोमध तसेच बसून राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. आता ते रडतील असं मला वाटलं. माझा बाप आहे तो, असं मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं आणि जमिनीत गडप व्हावंसंही वाटत होतं. तेवढ्यात बायकांमधून आई निघाली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढून घेतला होता, पण ती रडतेय हे दिसत होतं. तिनं कोंडिबाच्या हातातून कासरा घेतला, गाढवाच्या गळ्यात अडकवला आणि बाबांकडं न बघता म्हणाली, "नळ गेला."

"व्हय," बाबा म्हणाले.

"चल रे बाबा," हे ती गाढवाला म्हणाली, आणि गाढव निघालं. मागून आधी दोघी-तिघी म्हाताऱ्या निघाल्या, मग पोरं, मग मी. होसान्ना म्हणून जयजयकार करायचा असतो हे आम्हाला ओढ्यापाशी गेल्यावर आठवलं.

इकडं वेशीपाशी काय झालं, ते आम्हाला नंतर कळलं. हार आणला होता, घोडी सजली होती, दोन्ही वाया कसे घालवायचे? फेटा खुंटीवर राहिला होता, म्हणून शांतवनमामांनी उपरणंच डोक्याला गुंडाळलं आणि मंडळीच्या आग्रहाला मान देऊन ते घोडीवर चढले. घोडी बिचारी वरातीची. वाटेत एका घरापुढं लग्नाचा मांडव होता, तिथं ती सवयीनं जाऊन थांबली ती हलेना. शेवटी त्या घरच्या बाईनं मामांना ओवाळलं, तेव्हा ती पुढं सरकली. मामा सरपंच झाले. नळ खरोखर आला, पहिला त्यांच्या दारात, आणि त्याला पाणी दिवसाआड का होईना यायचं. खोटं कशाला बोलू? वस्ती त्यांच्या सावलीत बसली. काटे टोचले की म्हणायची, सावली तर आहे.

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी त्या गावानं मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, दुसरं काम नव्हतं, गेले. आता तिथं चर्चला मनोरा आहे, डीजे आहे. मिरवणुकीत सगळ्यांत पुढं एक गाढव होतं, अंघोळ घातलेलं, झूल पांघरलेलं, गळ्यात हार. त्याच्यावर कुणी बसत नाही, नुसतं मिरवतात. परंपराच आहे म्हणे गावची. तरुण पाळक मागून उघड्या जीपमध्ये काळा चष्मा लावून हात हलवत होते. वेशीपाशी मोठा फ्लेक्स होता, त्यावर माझे बाबा, परंपरेचे प्रणेते म्हणून. त्यांचा एकच जुना फोटो कुणाकडं तरी होता, आणि त्यात ते फारच साधे दिसत असल्यामुळं पोरांनी कॉम्प्युटरवर त्यांच्या डोक्याला गुलाबी फेटा बसवला होता. चांगला बसला होता. मी त्या फेट्याकडं बघत किती वेळ उभी राहिले कोण जाणे, आणि मला तो ट्रक आठवला.

कारण बदलीचा अर्ज रीतीप्रमाणं गेला आणि मंजूरही झाला होता. कब्रस्तानाच्या वाटेला बाबांचे जितके सोमवार लागले, त्याच्या निम्मेही या अर्जाला लागले नाहीत. माझी परीक्षा संपली आणि आम्ही बेंबळीकडच्या एका गावाला निघालो. ट्रकमध्ये ट्रंका, चूल, शेवग्याची एक फांदी आणि तो सपाट दगड. दगड कशाला, म्हणून ड्रायव्हर कुरकुरला, तर आई म्हणाली, "माजा हाय. राहू द्या." मागच्या बाजूला आम्ही तिघं सामानावर बसलो होतो. बाबा त्या दगडावर. पोचवायला म्हाताऱ्या आल्या होत्या आणि बराच लांब थांबून कोंडिबाही आला होता. गाव मागं पडलं, नवी मुरमाची वाट दिसेनाशी झाली, तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आईनं विचारलं, "एक सांगा मला. नुसतं न्हाय म्हनलं असतं तरी जमलं असतं की. मानसं गिळत व्हती काय तुमाला? गाढवच कशाला पायजे व्हतं?"

बाबांनी रस्त्याकडं बघितलं. त्यांचा हात नकळत कपाळावर गेला, जिथं फेटा बसला होता तिथं.

"नुसतं न्हाय म्हनायला तोंड उघडलं असतं गं," ते म्हणाले, "तर व्हय निघालं असतं." आणि थोड्या वेळानं, मीठ मागावं तशा त्या आवाजात, "घोडी लई चांगली व्हती."